तुमची गती माणसाची वाटत नाही

मैसुरात माणूस जरा मोठा झाला की त्याच्या डोक्यावर पेटा, म्हणजे इथला फेटा, चढवतात, खांद्यावर शाल घालतात आणि हातात फळांची करंडी देतात. त्याने नेमकं काय केलं, हे फळं संपेपर्यंत सहसा कुणी विचारत नाही. आमच्या समाजाच्या अध्यक्षांना वार्षिक संमेलनात हा मान मिळायचा होता, आणि त्याला कारण मी सांभाळत असलेली समाजाची वेबसाइट.

आमची माणसं कापड रंगवायला आणि छापायला फार पूर्वी इथे आली. आता कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत. घरी मराठी बोलतो, पण दर वाक्याला कन्नडचा टेकू लागतो. घरं थोडी असल्यामुळे सोयरीक जुळवणं अवघड, म्हणून ही वधू-वरांची साइट. मी एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळते, त्यामुळे ती माझ्या गळ्यात आली. समितीच्या मते ज्याला कॉम्प्युटर कळतो त्याला माइकही कळतो, म्हणून माइकही आला.

अध्यक्षांनी एकच गोष्ट मागून घेतली होती: मुख्य पानावर भेटींचा आकडा, मोठ्या अक्षरांत. गेल्या वर्षी तो आकडा धावायला लागला. सिंगापूर, जर्मनी, अमेरिका. प्रत्येक भाषणात ते या देशांची नावं घेत. सिंगापुरात आमचं माझ्या माहितीतलं एकच घर होतं आणि तेही परत आलं होतं. मी हे बोलूनही दाखवलं. "मॅडम, तुम्ही फार शंका काढता," असं म्हणून त्यांनी मला चहा मागवला.

मग एका संध्याकाळी आमच्या समाजातली एक मुलगी आली. नंजनगूडच्या एका औषध कारखान्यात लॅबमध्ये काम करते. ट्रेनमधून उतरून थेट माझ्याकडेच आली होती, ओळखपत्र अजून गळ्यात होतं.

"काकी, हे बघा." तिने फोन पुढे केला. कुठल्याशा अनोळखी विवाहाच्या साइटवर तिचा फोटो, वय, उंची आणि खाली तिचा नंबर. "दिवसभर कॉल. कुणी नीट बोलतात, कुणी काहीही बोलतात. काल सुपरवायझरसमोर वाजला. तो म्हणे, लग्न ठरलं, अल्वा? ठरलं ना? हा फोटो मी फक्त आपल्या साइटवर दिला होता."

"थांबवते," मी म्हणाले.

"सुम्ने, उगाच बोलू नका काकी. थांबेल?"

सर्व्हरवर कोण आलं, काय बघून गेलं, याची नोंद आपोआप होत असते. ती मी उघडली. माणूस स्थळं बघताना रेंगाळतो. मुलाची आई फोटोवर थांबते, पुढे जाते, परत येते, उंची पुन्हा वाचते, मधेच कुकरची शिट्टी मोजायला उठते. इथे कुणीतरी पहिल्या मुलीपासून शेवटच्या मुलीपर्यंत ओळीने, न थांबता, क्षणाक्षणाला एक पान उचलून गेलं होतं. रंगावरून त्याने एकीलाही वगळलं नव्हतं. आमच्या समाजात इतका निःपक्षपाती पाहुणा मी पाहिलेला नाही. तेव्हाच खात्री झाली की हे यंत्र आहे. सिंगापूर, जर्मनी, अमेरिका ही त्याने तिथल्या सर्व्हरांवर भाड्याने घेतलेली घरं होती.

मी दार बसवलं. मुलींची माहिती लॉगिनच्या आड नेली. पानात माणसाच्या डोळ्याला न दिसणारा एक दुवा ठेवला. त्यावर जो जाईल तो यंत्र, त्याचा पत्ता बंद. आणि थोड्या वेळात फार पानं उघडणाऱ्याला दिवसभर एकच ओळ दिसेल: "तुमची गती माणसाची वाटत नाही. उद्या या."

आकडा धावायचा थांबला आणि नीट चालायला लागला. अध्यक्षांनी ते पाहिलं. मला न विचारता त्यांनी समाजाच्या ग्रुपवर निरोप टाकला: संमेलनापर्यंत प्रत्येकाने रोज सकाळी पूजेनंतर आपली साइट एकशे आठ वेळा उघडावी, समाजसेवा म्हणून.

आमच्याकडे जपाची सवय जुनी आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मनोभावे बोटं चालवली, आणि सकाळी साडेआठच्या आत समाजातली सगळी भाविक घरं बंद पडली. अध्यक्षांचं सगळ्यांत आधी.

दुपारी समितीची बैठक बसली. मी त्या मुलीला मुद्दाम बोलावलं होतं.

"मी माणूस नाही, असं तुमचं यंत्र म्हणतं," अध्यक्ष म्हणाले.

"इतक्या वेगाने तुम्ही बोटं चालवलीत तर त्याला दुसरं काय वाटणार?"

"चेष्टा पुरे. संमेलनापर्यंत हे काढा. आकडा निमंत्रणपत्रिकेत छापलाय. नंतर परत बसवा."

"कावेरीकाठी तलकाडची देवळं गाडली जातील इतकी वाळू त्यांच्यावर आली, म्हणून देवळं गाजली असं कुणी पत्रिकेत छापत नाही. तुमचा आकडा ही वाळू आहे. आणि तीच हिचा नंबर घेऊन गेली."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"तर पासवर्ड द्या," अध्यक्ष म्हणाले. "समितीची साइट आहे."

"देते. त्याआधी साइटवरच्या प्रत्येक मुलीच्या आईला फोन करून सांगते, की दार तुम्ही उघडताय आणि कशासाठी उघडताय. मग घ्या."

ते काही बोलणार इतक्यात त्या मुलीचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने सगळ्यांकडे पाहिलं, स्पीकर लावला आणि फोन टेबलाच्या मध्यावर ठेवला. पलीकडचा माणूस हिंदीत, फार दिवसांची ओळख असल्यासारखा बोलू लागला. फोटो आवडला, म्हणाला. आणि पुढे जे म्हणाला ते ऐकून खजिनदारांनी मान खाली घातली.

"आईचा नंबर द्या," मुलगी हिंदीतच शांतपणे म्हणाली. "आमच्यात पहिलं बोलणं आई करते."

फोन कट झाला.

"असे रोज येतात," ती अध्यक्षांना म्हणाली. "काकी म्हणतात, गेलेला नंबर परत आणता येत नाही, नवीन घे. मी का घेऊ? कॉलेजपासूनचा आहे. तुम्ही दार उघडा अंकल, आयतु, ठीक आहे. पण हे फोन मग तुमच्या नंबरवर वळवते. तुम्ही बोला त्यांच्याशी."

तिथे बसलेल्या सगळ्यांत वयस्क बाई, आम्ही त्यांना अज्जी म्हणतो, तोवर पान लावत होत्या. त्या म्हणाल्या, "माझी नात आहे त्यात. दार राहू दे."

ठरावाला एवढं पुरलं. मी लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांसमोर भेटींचा आकडा पानावरून काढून टाकला. अध्यक्ष म्हणाले, तिथे मोकळी जागा वाईट दिसेल. मी म्हटलं, दिसू दे.

यंत्रं अजून येतात, रोज नवे पत्ते घेऊन. कॉफी निवायच्या आत मी ते बंद करते. ती मुलगी तिचा तोच नंबर वापरते, आणि अनोळखी फोन आला की अजूनही आधी आईचा नंबर मागते. कन्नड बोलणाऱ्या एकाने खरंच आपल्या आईचा दिला. मुलीच्या आईने लावूनही पाहिला आणि त्या बाईला तिच्या मुलाने काय काय केलं ते कन्नडमध्ये सविस्तर सांगितलं.