डोस दिला का

आमच्या अंगणवाडीत घरून आलेलं औषध लेकरांना पाजायचं नाही, हा नियम मीच घातलेला आहे. अगदीच पाजायचं झालं तर आईनं समोर येऊन किंवा फोनवर सांगायचं: काय, किती आणि मागचं कधी दिलं. यावरून गावात मला कडक बाई म्हणतात. म्हणोत.

कापूस वेचणीचे दिवस होते. त्यात जवळा बाजार गावचा आठवडी बाजार, त्यामुळे त्या सकाळी निम्मीच लेकरं आली होती. एक आजी तीन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आली. त्याला सतरंजीवर बसवून तिनं पिशवीतून एक लहान बाटली काढली आणि माझ्या हातात ठेवली. बाटलीला खोकं नव्हतं, कागद भिजून निम्मा निघाला होता.

"अंग तापून राहिलं त्याचं. दुपारी झाकणभर पाजा. मी बाजारला चालले."

"सकाळी डोस दिला का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. डोस न्हाई देला."

पोराच्या कपाळाला हात लावला तर चटका बसत होता. मागच्या वर्षी याच पोराला तापात झटका आला होता, हे आख्ख्या गावाला माहीत होतं. आमची मदतनीस माझ्या कानाशी आली.

"पाजून टाका की बाई. इथं झटका आला तर गाव आपल्याच नावानं बोंबलंल."

ती खोटं बोलत नव्हती. मी आईला फोन लावला, पण ती रानात होती आणि तिकडे रेंज नसते. मदतनिशीला फडकं ओलं करून पोराचं अंग पुसायला सांगितलं. बाटली मात्र उघडली नाही. आजी दारातच थांबली होती, तिला ते आवडलं नाही.

"काहून इतकी चौकशी बाई? आमी जहर आणलं का? तुमी तर पोलीस पाटलीणच झाल्या."

"आजी, त्याच्या आईनं रात्री काही दिलं होतं का, एवढंच सांगा."

"ती कशाला डोस देईल? डोस तर नर्सबाई देती. ती आली तवा आमी गावाला गेलतो, म्हनून तर राहिला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे डोस म्हणजे लस. पोलिओचे थेंब असोत की दंडातली सुई, सगळा डोसच. मी जे विचारलं त्याचं आजीनं बराबर उत्तर दिलं होतं.

"मग या बाटलीतलं काही पाजलं का?"

"ते तर पाजलं की. उठल्यावर झाकणभर, आन् आता निघताना झाकणभर. ताप उतरंना."

मी बाटली उजेडात धरून कागदावरची उरलेली अक्षरं वाचली. तापाचंच औषध, पण तान्ह्या बाळाचं, थेंबानं मोजून द्यायचं. घरात या पोराच्या पाठचं बाळ होतं, त्याच्यासाठी आणलेलं. थेंबाची नळी केव्हाच हरवली होती.

"बारक्याचं औषद म्हंजे फिक्कंच असंल," आजी म्हणाली. "म्हनून ह्याला जास्त देलं."

असतं उलटं. तान्ह्याला थोड्याच थेंबांत पुरावं म्हणून ते औषध जास्त तीव्र करतात. हे तिला तिथं समजावत बसले नाही. बाजारला निघालेली जीप रस्त्यावरच होती. बायकांच्या टोपल्या टपावर टाकायला लावल्या, आजीला आणि पोराला आत बसवलं, बाटली मुठीत धरून मीही चढले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली पाहून पुढे हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तोवर कुणीतरी मोटरसायकलवर आईला रानातून तिथं आणलं. ती म्हणाली, "मी बी रातच्याला पाजलं व्हतं, त्याच झाकणानं." पोराचा ताप उतरला होता. खाटेवर बसून ते बिस्कीट मागत होतं.

"हा तर चांगला दिसतो," मी डॉक्टरांना म्हटलं.

"आज चांगलाच दिसणार. लिव्हरला धक्का बसला असेल तर तो नंतर कळतो. रक्त तपासत राहावं लागेल."

बाहेर व्हरांड्यात सून सासूवर तुटून पडली. "म्हातारीनं मारलं असतं लेकरू." चार माणसं वळून बघायला लागली. मी म्हटलं, झाकण तर तुझंही तेच होतं. तिनं ऐकलं नाही. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली.

तपासण्या चांगल्या निघाल्या, पोरगं घरी आलं. गावभर मात्र गोष्ट झाली ती म्हातारीचीच.

संक्रांतीनंतर ती पुन्हा त्याला तापात घेऊन आली. डोस हा शब्द मी आता वापरत नाही.

"आजी, पोटात काही दिलं का? पातळ, गोळी, काहीही?"

"मी कशाला देऊ बाई? मी बाटलीला हात बी लावीत न्हाई."

पोराच्या तोंडाला गोड वास येत होता. औषधाचा असेल, चॉकलेट-बिस्किटाचाही असेल.

"कुणाला सांगणार नाही मी. दिलं असेल तर दिलं म्हणा."

"न्हाई म्हन्ते ना."

मी पोराला विचारलं. त्यानं आधी आजीकडे पाहिलं, मग मान हलवली. न्हाई.

आईचा फोन लागत नव्हता. मदतनिशीला दवाखान्यासाठी जीप बघायला पाठवलं आणि फडकं ओलं केलं.