दौलतचा चहा

शेलार गावच्या दौलतने आयुष्यभर लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. त्या खडखडाटात त्याचे कान गेले. आता कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. तरीही अंतराळातल्या साहसी चित्रपटांचा त्याच्याइतका कडक परीक्षक अख्ख्या भिवंडीत नाही. हे मी, रंगमंचावर राजेमहाराजे रंगवत म्हातारा झालेला माणूस, छातीवर हात ठेवून सांगतो.

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दुपारी त्याच्या पुतण्याच्या कारखान्यात खिडक्यांना गोणपाट लावून, कोरे कापड ताणून आम्ही म्हातारे चित्रपट बघतो. दौलतची परीक्षा साधी. चित्रपट पटला नाही की तो उठतो आणि चहा टाकतो. एकदा पडद्यावर अख्खी आकाशगंगा जळत होती आणि हा स्टोव्ह पेटवत होता. म्हणाला, "एवढी यानं जळाली, एकाच्या तरी घरी कोण रडलं का?" उलट एका भिकार चित्रपटाला तो शेवटपर्यंत बसला. त्यातले यान सरळसरळ पत्र्याचे होते, पण नायक बाहेर पडण्याआधी सोबत्याच्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघायचा. "ह्यो मानूस खरा हाय!" दौलतने मांडीवर थाप मारली. आम्ही डुलक्या घेत होतो.

यंदा त्याच्या नातीने, मृणालीने, कॉलेजांच्या महोत्सवासाठी फोनवर अंतराळाचा लघुपट केला. बंद पडलेला लूम म्हणजे यान, आणि कप्तान मी! दौलतला ती आबा म्हणते. पाठवण्याआधी ती मला म्हणाली, "आजोबा, आबा चहाला उठला ना, तर मी हा पाठवणारच न्हाय."

शुक्रवारी खेळ लागला. यान बिघडते, मी दुरुस्तीला दोराने बाहेर लटकतो, संपर्काची वायर तुटते. काचेपलीकडे माझी सोबतीण रूपा. दोर सुटायच्या आधी मी तिला निरोप देतो. काय भाषण ठोकले होते मी! आवाज चढवला, कापरा केला, हुंदक्यावर आणून सोडला.

दौलत उठला.

मृणालीने मान खाली घातली. मी तावातावाने स्टोव्हपाशी गेलो आणि त्याच्या कानाशी ओरडलो. "माझ्याच भाषणाला उठलास?"

"राजे, तिथं बाहेर हवा हाय का?"

"नाही."

"वायर?"

"तुटलेली."

"मंग एवढा वेळ कोनाला सांगतोस? ती पोरगी काचेतून बघतेय, तिला वाटंल कप्तान पान खातोय."

पुतण्या खो खो हसला. मृणालीही हसली, पण डोळे भरले होते. तिने आबाच्या कानाशी ओरडून विचारले, "मग निरोप कसा द्यायचा?"

दौलतने गाळणी खाली ठेवली. "आमी कसं बोलत होतो? दोन लूमच्या मधी कोनाला काय ऐकू यायचं?" त्याने दोन बोटे जुळवून झटकन वेगळी केली. म्हणजे, धागा तुटला. मूठ छातीशी नेली. माझ्याकडचे मी बघतो. मग तळवा पुढे केला. तू थांबू नको, चालू ठेव.

मृणाली माझ्याकडे बघायला लागली. भाषण कापायचे, हे तिच्या तोंडून निघेना. माझा जीव तुटत होता, खोटे कशाला बोलू? पण दौलतने नुसत्या हातांनी दिला तितका सुंदर निरोप उभ्या जन्मात मी रंगमंचावर दिला नव्हता. म्हटले, "काप, पोरी. अन् आबाला सांग, माझी तालीम घे."

तालमीत त्याने मला फार छळले. "बोटं ढिली सोड! दरबारात न्हाय, लूमवर हायस!"

पुढच्या शुक्रवारी पुन्हा खेळ. मृणाली पडद्याकडे बघतच नव्हती. ती आबाची खुर्ची बघत होती. वायर तुटली. मी बोटे झटकली, मूठ छातीशी नेली, तळवा पुढे केला.

खुर्चीतून एक हात वर आला. दौलतने पडद्यावरच्या माझ्याकडे बघून मूठ छातीशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

त्या दिवशी चहा पुतण्याने केला. दौलत जागचा हललाच नाही; त्याच्या कपावर साय धरली.