तीन मास्तरांचा बँड

धावजी राठोडचा ढोल वाजला की मांडवातल्या म्हाताऱ्याही माना डोलवायच्या. पुसदच्या बँडमध्ये त्याची बावीस वर्षं गेली. यंदा डीजेनं लग्नं पळवली, तेव्हा त्यानंच टूम काढली: जिल्ह्यातल्या तीन नावाजलेल्या बँडांचे तीन मास्तर एकत्र आले, तर समोर उभं राहायची कोणाची टाप आहे? राळेगावहून फुलचंद क्लॅरिनेट घेऊन आला, कळंबहून रहमत ट्रम्पेट घेऊन. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथं तर तीन. पण धावजीला सांगणार कोण?

पहिल्याच तालमीला रहमतनं त्याला बाजूला नेलं.

"डॉक्टरनं फुकाले मनाई केली. छातीतली नस फुगली म्हनते. तुह्या भाभीले, गौहरले सांगू नको, एवढा सीझन काढतो. दम नाई पुरला तं तुह्याकडं पाहीन. तू तोड देजो."

ढोलाचे तीन ठोके पडले की गाणं तुटतं, सगळे थांबतात. बँडवाल्यांचा हा कायदाच. धावजी म्हणाला, "तू फक्त पाह्य."

दोन लग्नांत त्यानं शब्द पाळला. पण लोक बोलू लागले, गाणं धावजीच तोडते, त्यालेच दम नाही. ते त्याला फार झोंबलं.

तिसरी वरात राळेगावात, वैशाखात दुपारी चार वाजता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. फुलचंदनं सूर चढवला, रहमतनं त्याच्याही वर नेला. पोरं शिट्ट्या मारत होती. रहमतनं धावजीकडं पाहिलं. धावजीनं हात उचलला, तेवढ्यात मागून कोणी म्हणालं, "थकला बुढा."

त्यानं तोड दिली नाही. एका फेरीनं काय होते, असं मनाशी म्हणाला. रहमतनं पुन्हा पाहिलं. त्याचे ओठ निळे पडले होते. धावजीनं मान खाली घातली आणि लय वाढवली. ट्रम्पेट मध्येच बंद पडला, तरी ढोल चालूच होता.

रहमत रस्त्यावरच गेला. तीन मास्तरांचा बँड अकरा दिवस टिकला.

रहमतच्या चाळिसाव्याला धावजी कळंबला गेला. गौहरला ट्रम्पेटच्या पेटीत डॉक्टरचा कागद सापडला होता. चहाचा कप देत ती म्हणाली, "धावजीभाऊ, एकच इचाराचं होतं. वरातीत त्याईनं तुमाले थांबाले म्हटलं होतं का?"

"नाई भाभी," धावजी म्हणाला. "त्याले वाजवाचंच होतं."

गौहरनं डोळे पुसले आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.