विझवायचा शब्द

नाथा भोईर आधी हात उगारी आणि मग बोले. कळव्याच्या मिठागरात होता तेव्हा त्याने एका मुकादमाच्या पाठीत फावड्याचा दांडा मोडला, आणि दांडा मोडला म्हणून पुन्हा त्यालाच शिव्या घातल्या. अशा माणसाला मिठागरात कोण ठेवणार?

खाडीपलीकडे, ठाण्याच्या अंगाला, नवी सुताची गिरणी उभी राहिली होती. अठराशे नव्वदनंतरची गोष्ट. गिरणीच्या आवारात विजेचे दिवे लागले, पण त्यांच्या खांबांवर चढायला कोणी तयार होईना. तेल नाही, वात नाही आणि डोळे दिपतात, म्हणजे आत भूत असणारच, असे कळव्यात सगळ्यांचे ठरले. नाथा म्हणाला, भूत असेल तर मी त्याला बघून घेतो. तो दिवेवाला झाला आणि त्याच्या मागून धाकटा भाऊ भिवाही.

भूत होतेच. पहिल्याच आठवड्यात एक माकड तारेला चिकटले आणि तिथेच करपले. ते सोडवायला नाथा चढला. साहेबाने विलायतेहून मागवलेले रबरी हातमोजे तोवर कोपऱ्यात पडून होते. माकड खाली आणल्यापासून नाथाने ते कधी सोडले नाहीत.

भिवाला मोज्यांचा तिटकारा. जाड, आतून घामाने बुळबुळीत, आणि बोटे इतकी लांब की टोके लोंबत. ‘सायबाच्या हाताची कात’ म्हणे तो त्यांना. दिव्यात कोळशाच्या दोन कांड्या असत. त्या जळून आखूड झाल्या की स्क्रू सैल करून नव्या बसवायच्या. मोज्यात तो स्क्रू चिमटीत येत नसे, हेही खरेच.

एकदा शिडीवर तो उघड्या हातांनी दिसला.

“मोजे कुठं हायत रं?” नाथाने खालून विचारले.

“खाली.”

“आन हात?”

भिवा हसला. “दादा, तू वहिनीला पन मोजे घालूनच हात लावतंस का?”

आवारातले हमाल खो खो हसले. नाथाने त्याचा घोटा धरून त्याला खाली ओढले आणि त्याच मोज्यांनी त्याचे तोंड फोडले. रबर मुसळासारखे लागते. ओठातले रक्त पुसत भिवा म्हणाला, “तारेनं मारलं असतं तं एवढं लागलं नसतं.”

पुढे तो मोजा घालू लागला. एका हातात. उजवा हात स्क्रूसाठी मोकळा.

आता एक साधी गोष्ट. दिवा विझव असे आपल्या घरांत कोणी म्हणत नाही. दिवा वाढवायचा, दुकान वाढवायचे, देवापुढे नारळ वाढवायचा. वाईट ते तोंडातून काढू नये, ही रीत. घरात ती शोभते. इंजिनघरात वाढव म्हणजे वाफ वाढव, आणि तिथे दौलत बसत असे.

दौलत घाटावरचा, साताऱ्याकडचा, शांत माणूस. त्याच्या इंजिनावरून एक लांब पट्टा वीज करणाऱ्या यंत्रावर जाई. पट्टा बाजूला सारला की सगळे दिवे जात. इंजिनाची वाफ वाढवली की दिवे आणखी भडकत.

एका संध्याकाळी कापसाच्या गोदामामागचा एक दिवा कांडी तुटून गेला. भिवा शिडीवर चढला आणि इंजिनघराकडे तोंड करून ओरडला, “दौलतदादा, वाढव.”

दौलतने वाफ वाढवली. भिवाच्या समोरचा दिवा आधीच गेलेला, बाकीचे गोदामाच्या भिंतीआड. त्याला वाटले, विझले सगळे. त्याने मोकळा हात कांडीला लावला.

नाथा पलीकडच्या खांबावर होता. त्याने भाऊ ताठ झालेला पाहिला, ओरडण्यासाठी उघडलेले तोंड तसेच राहिलेले पाहिले. तो उतरला, धावला, मोजे घातलेल्या हातांनी त्याने भिवाला खाली ओढले. नाथाला काही झाले नाही. भिवाच्या तळव्याची कातडी मात्र वरच राहिली, आणि खाली आला तो मेलेला भिवा.

नाथा इंजिनघरात शिरला तो थेट दौलतच्या अंगावर. त्याने त्याला इंजिनावर आपटले, खाली पाडून तोंडावर बुक्क्या मारल्या. जबडा मोडल्याचा आवाज दाराशी उभ्या माणसांनाही आला. दोन्ही हात गळ्याशी गेले तेव्हा दौलत रक्ताच्या गुळण्यांतून कसाबसा म्हणाला, “त्योच म्हनला... वाढव.”

नाथाचे हात सुटले. घरात तो स्वतः रोज हाच शब्द वापरी.

तिसऱ्या दिवशी बायका भिवाच्या बायकोपाशी, गोदापाशी जमल्या. म्हातारी सखुबाई हळूच म्हणाली, “वाढवा गं हिच्या बांगड्या.” नाथाने अंगणातला पाटा उचलून भिंतीवर घातला. “फोडा म्हना,” तो म्हणाला. “फोडतंव तं फोडा म्हना.” बायका घाबरून बाहेर पळाल्या. गोदा एकटी बसून राहिली आणि तिने बांगड्या स्वतःच दगडावर आपटल्या.

गिरणीत नाथाने नवा शब्द काढला: मार. दिवा विझवायचा तर ‘मार’ ओरडायचे. ‘वाढव’ म्हणजे फक्त वाफ. जबडा फडक्याने बांधूनच दौलत कामावर आला तेव्हा त्यालाही त्याने हे शिकवले. माफी मागितली नाही. तिन्हीसांजेला, लक्ष्मीच्या वेळी, दिवा मार म्हणायला माणसे कचरत. जो जुना शब्द बोले त्याच्या कानाखाली आवाज निघे. उघड्या हाताने जो शिडीला लागे त्याच्या बोटांवर पाना बसे. लोक त्याला हैवान म्हणत. खांबावर मात्र पुन्हा कोणी मेले नाही.

मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा, दारात वाजंत्री, इंजिनाला झेंडूच्या माळा. गिरणीचा मुकादम गोपीनाथ रेशमी काठाचे उपरणे घेऊन इंजिनघराच्या दारात पाहुण्यांचे स्वागत करत होता. सनईमुळे आवारातली हाक आत पोचेना, म्हणून निरोप सांगायचे कामही त्याने आपल्याकडे घेतले.

“आज ते अभद्र बोलायचं नाही,” त्याने नाथाला बजावले. “वर्षाचा सण आहे.”

“मंग काय बोलनार?”

“चारचौघं बोलतात ते.”

नाथा काही म्हणणार, तेवढ्यात फाटकाजवळचा दिवा लपलपू लागला. मारुती नावाचा दिवेवाला चढला. नाथाने शिडी धरली. दिव्याची तार निसटून लोंबत होती. मारुतीच्या दोन्ही हातांत मोजे होते, पण तार उघड्या कोपराशी हिंदकळत होती.

“मार,” मारुती ओरडला.

दारातल्या गोपीनाथने ऐकले, मान आत वळवली आणि सणाला शोभेल असा निरोप दौलतला दिला, “वाढव रे.”

दौलतच्या कानात या शब्दाचा एकच अर्थ उरला होता, आणि तो नाथानेच ठोकून बसवला होता. त्याने वाफ वाढवली.

दिवे भडकताना नाथाने पाहिले. वर मारुती निर्धास्तपणे पुढे वाकत होता. हाक मारायला वेळ नव्हता. नाथाने शिडीला लाथ घातली. मारुती फरशीवर आदळला, मांडीचे हाड मोडून बाहेर आले. जिवंत तार वर लोंबतच होती, आणि नाथा तोवर “मार, मार” ओरडत इंजिनघराकडे सुटला होता. दारात गोपीनाथ आडवा आला. पूजेतला हळदकुंकू लावलेला पाना नाथाच्या हाताला लागला आणि त्याने तो मुकादमाच्या डोक्यात घातला. कुंकू कुठले आणि रक्त कुठले, कळेना. दौलतने पट्टा सारला. आवार काळोखात गेले, आणि वाजंत्री बंद पडली.

गोपीनाथ वाचला, एक डोळा गेला. ठाण्याच्या कोर्टात साक्षीदार एकामागून एक खरे तेच बोलले: आरोपी ‘मार, मार’ ओरडत आला, आणि त्याने मारले.

“मार म्हंजे विझव, सायेब,” दौलत वाकड्या जबड्याने सांगू लागला. कोर्टात हशा पिकला.

सरकारी वकिलाने नाथाला विचारले, “मग डोकं फोडण्याला तुमच्यात काय म्हणतात?”

“त्याला पन मारच म्हंतात,” नाथा म्हणाला.

सक्तमजुरी झाली. दंडाला काढण्यांचे दोर बांधून शिपाई त्याला पायऱ्या उतरवत होते तेव्हा दौलत बाजूने चालू लागला.

“आज वर कोन?” नाथाने विचारले.

“तानाजी. नवा हाय.”

“मोजे?”

“दोन्ही हातात.”

“आन विझवाला काय वरडतंय?”

“काय बी न्हाई. वर मानूस चढायच्या आदी पट्टा काढून खाली ठिवतो. त्यो उतरस्तवर मी पट्ट्यावर बसून ऱ्हातो.”

नाथा थांबला. शिपायाने काढणी ओढली तरी थांबला. “मंग ह्ये पैलंच का नाय बोल्लास?”

“कसं बोलनार?” दौलत म्हणाला. “जबडा बांदला व्हता.”