ताता, पाटी आणि रेवतीचे दोनशे तास

शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. आता माझ्या शपथेवर आणि चेन्नईतल्या ऑटोच्या मीटरवर कुणी विश्वास ठेवत नाही, ते सोडा. बरं, एक जागा सोडून खरा. तीही अगदी छोटी!

ज्या फ्लाइंग स्कूलची विमानं उडतात, तिथे मुलांचे तास भरतात. जिथे उडत नाहीत, तिथे किस्से साठतात. माझी मुलगी रेवती चेन्नईबाहेरच्या अशाच एका स्कूलमध्ये पायलट व्हायला गेली. लायसन्सला दोनशे तास लागतात. दीड वर्षात तिचे झाले त्रेसष्ट. माझे किस्से मात्र कधीच दोनशेच्या वर गेले!

*

स्कूलकडे विमानं दोन. दोन्ही इतकी जुनी, की मुलांनी त्यांची नावं ठेवली ताता आणि पाटी. तमिळमध्ये आजोबा आणि आजी. निघण्यापूर्वी रेवती फोन करून विचारायची, "आज कोण उठलंय?"

"ताता उठलेत," पलीकडून उत्तर यायचं, "पण चालवत नाहीये त्यांना."

*

तिथले इंजिनिअर सेतुराव. मूळचे तंजावरचे, मराठी बोलतात ती आपल्या पणजोबांसारखी, मधूनमधून तमिळ हेल काढत. विमान उडायला ठीक आहे, अशी सही द्यायला महाकंजूष! एकदा एक मुलगा काकुळतीला आला. "सार, एवढासा तर आवाज येतोय. सोडा ना!"

सेतुराव चष्मा पुसत म्हणाले, "वर आवाज वाढला तर थांबणें कोठें? तेथें टी-स्टॉल नाहीं!"

*

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तर धमाल. दोन्ही विमानांना झेंडूचे हार, विभूतीचे पट्टे, चाकांखाली लिंबं. लिंबं चिरडून विमान पुढे गेलं की पूजा पुरी. पाटी सुरूच होईना! शेवटी आम्ही चार बापांनी मागून हात लावले आणि ढकलत नेली. लिंबं फुटली.

मी गुरुजींना विचारलं, "हे चालेल का?"

"इंजिनानं चालव असं कुठे लिहिलंय?" म्हणाले, आणि दक्षिणा घेऊन ऑटोत बसले.

*

हसतोय खरा, पण काळजी होतीच. रेवतीने पास केलेल्या लेखी परीक्षांना मुदत असते. या चालीने तास भरेपर्यंत ती संपणार, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून अभ्यास. बायको बँकेत आहे, हिशोबाला पक्की. म्हणाली, "अहो, हिच्या पहिल्या विमानात मी सीनियर सिटिझनच्या सवलतीत बसणार!"

रेवती हसली नाही. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी मी ठरवलं, स्कूल बदलायचं.

*

दुसरं स्कूल बघायला आम्ही बापलेक गेलो. चेन्नईपासून सहा तास. विमानं सहा, चकचकीत, एक उतरतंय तोवर दुसरं वर! इथे वर्षभरात तास भरले असते. बिघाडाचं रजिस्टर मागितलं, तर पानंच्या पानं कोरी.

"आमच्याकडे काही बिघडतच नाही, सार," तिथला इंजिनिअर म्हणाला. "सीट एकच उरलीय. आजच हो म्हणा."

आमचे सेतुराव दुरुस्ती झाली की पहिल्या उड्डाणाला स्वतः शेजारी बसतात. म्हणून मी आपलं सहज विचारलं, "चला की, तुम्हीही मारा एक फेरी आमच्याबरोबर."

तो दोन पावलं मागे सरला.

"नको हो सार. मला दोन लहान मुली आहेत."

*

आता ती रचलेली जागा. प्रश्न मी विचारलाच नव्हता. रेवतीने विचारला. मी तेव्हा आत ऑफिसात बसून तिचा प्रवेशाचा फॉर्म भरत होतो.