शिरसाच्या लाकडातले खिळे

विलायती शिरसाचा भुसा नाकात गेला की शिंका येतात आणि मला लातूरची ती वखार आठवते. रस्त्याकडेचा तोडलेला बुंधा मी माझ्या क्लासच्या बाकांसाठी तिथे नेला होता. "रेषा उलट्यासुलट्या हायत, पण करवतीला मऊ हाय, सर," म्हणत मिस्त्रींनी तो मशीनवर लोटला. करवत किंचाळली, ठिणग्या उडाल्या, पातं तुटून उसळलं आणि त्यांची दोन बोटं भुशात पडली. चिरलेल्या लाकडात खिळे चमकत होते. "कुण्या हरामखोरानं ठोकले हे?" रक्ताळलेला हात दाबून ते ओरडले. त्या झाडावर क्लासची पहिली पाटी मीच ठोकली होती. मी, मास्तर माणूस, म्हणालो, "काय माहीत." आता त्यांची मुलगी त्याच लाकडाच्या बाकावर बसते आणि रोज मला वडिलांचा नमस्कार सांगते.