चांगुणाबाईंचा बाकी राहिलेला दिवस

यंत्र आले की श्रम वाचतात; श्रम वाचले की सवड मिळते; सवड मिळाली की माणसे एकमेकांकडे जातात. हा युक्तिवाद मी आयुष्यभर वर्गात मांडला. तो पडताळावा म्हणून यंदा भातलावणीच्या दिवसांत पेठ तालुक्यात जायचे ठरवले.

जाणाऱ्यांनी नाशिकहून सकाळची एसटी धरावी. भाडे बेताचे आहे, पण पेठेपुढची जीप भरल्याशिवाय हलत नाही. सावळ घाटात दाट धुके होते. मुक्काम माझा जुना विद्यार्थी मोहन याच्या घरी. जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी.

जेवताना मोहनने सावड समजावली : आज तुम्ही माझ्या शेतात राबायचे, उद्या मी तुमच्या. त्याच्या काकी चांगुणाबाई गुडघ्यांनी अधू. त्या बांधावर बसून न्याहारीपासून सांजेपर्यंत वेळेवेळेची गाणी गात, त्या ठेक्यावर लावणीची रांग सरके, आणि ते गाणे कामाचा पुरा दिवस म्हणून धरले जाई. त्याच्या बदल्यात गाव त्यांचे खाचर लावून देई. आता सपाटीवर यंत्र आले आणि सावड मोडली. काकींचे खाचर उतारावर, चिंचोळे. तिथे यंत्र वळत नाही. रोपे जून होत चालली होती.

दुसऱ्या सकाळी मोहनच्या शेतात यंत्र उतरले. काकी काठी टेकत आल्या, बांधावर बसल्या आणि गाऊ लागल्या.

यंत्रचालक हसला. "आजी, मशीनला गाणं नाय लागत, डिझेल लागतं."

"तुझ्या मशीनला कान नाय, मोहन्याला हायेत. मोहन्या, माझा दिस धर."

"धरला, काकी. पण फेडायला माणसं कुठून आणू? पोरं समदी नाशकात, कंपनीत. मलाबी उद्या ड्युटी हाय."

काकी पुन्हा गाऊ लागल्या. इंजिनाच्या आवाजात शब्द लागत नव्हते. दुपारच्या आत शेत लावून झाले.

"न्याहारीचं गाणं संपलं नाय, नि शेत संपलं," त्या म्हणाल्या.

सवड मिळाली होती. सगळे आपापल्या घरी गेले.

मी निघालो त्या सकाळी काकी अंगणात बसून आपल्या खाचरासाठी वाढवलेल्या रोपांच्या जुड्या शेळ्यांपुढे टाकत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, हात थांबवला नाही.

घरी येऊन युक्तिवाद पुन्हा तपासला. पहिली दोन विधाने टिकतात. तिसरे चुकले : माणसे एकमेकांकडे सवडीने जात नव्हती, गरजेने जात होती. परवा मोहनचा फोन आला. काकींचे खाचर पड राहिले आहे. त्याने धरलेला दिवस त्याच्याकडे बाकी आहे, आणि भेटेल तेव्हा काकी त्याला त्याची आठवण करून देतात.